कापगते गुरुजींची अठरा झाडं

कापगते गुरुजींवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता, आणि तो मी लपवलाही नाही. माझा स्वभावच तसा. आई म्हणायची, "आमची कुसुम दुधात पाणी शोधते, अन् पाणी देल्लं त पाण्यात दूध शोधते." गोड बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं आणि गप्प बसणारा काहीतरी लपवतो, असं माझं साधं गणित होतं. कापगते गुरुजी ह्या गणितात बसत नव्हते. ते बोलायचे पुष्कळ, पण विचारलेलं सोडून.

"गुरुजी, मूळचे कुठले तुम्ही?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"आपल्या शेडमागं पावसाचं पानी कुठं मुरते, पाह्यलं का कुसुमबाई?" ते म्हणाले.

आता ह्याला काय म्हणावं! साधं गावाचं नाव विचारलं तर हा माणूस पाणी मुरवतो. नक्कीच काहीतरी भानगड करून आला असणार, असं मी घरी आल्या आल्या ह्यांना सांगितलं. हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात क्लार्क होते. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता "असन," एवढंच म्हटलं.

पण संशय घेणारी मी एकटी नव्हते हो. तेव्हाची भिलाई म्हणजे सगळा संशयाचाच कारभार. कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी पेटायला अजून अवकाश होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, मुरमाचे ढीग, ट्रक आणि तिवईवर दुर्बीण लावून एक डोळा मिटून उभे असलेले सर्व्हेवाले. माणसं कुठून कुठून आलेली. आम्ही भंडाऱ्याचे, डावीकडचे आंध्रातले, उजवीकडचे पंजाबचे. दोरीवरचं लुगडं दिसलं नाही की आम्ही त्यांच्याकडे डोळे वटारायचो आणि त्यांची बादली हरवली की ते आमच्याकडे. लुगडं मागच्या नालीत पडलेलं सापडायचं, पण डोळे वटारलेले ते तसेच राहायचे.

आमची शाळा म्हणजे सिमेंटचं जुनं गोदाम. पत्र्याची लांब शेड, मध्ये बांबूच्या तट्ट्या लावून चार वर्ग केलेले. शिकवायचं हिंदीतून. गुरुजींच्या चौथीच्या आणि माझ्या तिसरीच्या मध्ये एकच तट्टी, त्यामुळे त्यांच्या वर्गातली कुजबुजसुद्धा मला ऐकू यायची. त्यांच्या पहिल्याच दिवशी तासाभरानं पलीकडून काहीच ऐकू येईना. मी तट्टीच्या फटीतून डोकावले तर वर्ग रिकामा! मला वाटलं, गेली पोरं पळून, आणि मास्तरही गेला. मी धावत हेडमास्तरांना बोलावून आणलं. सगळे शेडच्या मागे उकिडवे बसले होते, मुंग्यांच्या रांगेभोवती. मुंग्या तांदळाची कणी नेत होत्या आणि पोरं मोजत होती.

"ये क्या चल रहा है?" हेडमास्तर म्हणाले.

"गिनती चल रही है साहेब."

"गिनती अंदर नहीं होती?"

"अंदर मुंग्या नहीं है ना साहेब," गुरुजी म्हणाले. पोरं फिस्सकन हसली. हेडमास्तर हसले नाहीत आणि मीही नाही.

दिसायला ते अगदी साधे. चाळिशीचे, वाळलेल्या तुराटीसारखे, धोतर आणि कॉलर उलटवून शिवलेला सदरा. हातात बांबूची एक काठी असायची आणि तिच्यावर चार-चार बोटांवर खाचा. खिशात गाठी मारलेली सुतळी. दुपारी डब्याऐवजी फुटाणे. गावाचं नाव मला शेवटी कळलं ते दुसऱ्याच कुणाकडून. ते साकोलीकडचे कोहळी. आमच्या भंडाऱ्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, कोहळी म्हणजे तलाव बांधणारे लोक. पाणी कुठून येईल आणि कुठं थांबेल हे त्यांना लहानपणापासून दिसतं म्हणतात. पण तलाव बांधणारा माणूस गाव सोडून इथं धुळीत मास्तरकी करायला कावून आला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्यांचं एक वाक्य पोरांच्या तोंडी बसलं होतं, "पाहून सांग, पढून नको सांगू." ते हिंदीत शिकवता शिकवता हे मराठीतच म्हणायचे. आंध्राची, बंगालची, पंजाबची पोरंही तेच म्हणत फिरायची. माझ्या वर्गातल्या एका चिमुरड्यानं मलाच ऐकवलं. मी धड्यातलं वाचून सांगत होते, बदक पाण्यात राहतं, त्याचे पंख भिजत नाहीत वगैरे. तो म्हणाला, "बहनजी, पाहून सांग." त्याला मी बाकावर उभं केलं, आणि मनातल्या मनात गुरुजींनाही.

दर शनिवारी सकाळी गुरुजी चौथीला घेऊन बाहेर निघायचे. शेवटच्या क्वार्टरच्या पुढे, कुरुदच्या वाटेवर, मैलभर चाललं की पंधरा-वीस घरांची एक वस्ती लागायची. वस्तीला लागून तलाव. तिथले लोक त्याला तरिया म्हणायचे. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जुनी झाडं होती, मोह, जांभूळ, अर्जुन, चिंच. पाळीवर चढायच्या आधी गुरुजी चपला काढायचे. "आमच्या घरी पाळीवर कोनी चप्पल घालून जात नाही. कोनाच्या तरी डोक्यावरच्या टोपल्यानं वाहून आनलेली माती आहे ते," असं म्हणायचे. पोरंही काढायची.

झालं! अनवाणी पोरं घरी गेली आणि कॅम्पात बोभाटा झाला. कुणी म्हणालं, हा मास्तर काहीतरी जादूटोणा करतो. कुणी म्हणालं, वस्तीत ह्याची जमीन असणार, पोरांकडून फुकटात राबवून घेतो. मंदा नावाची एक पोरगी होती, गोंदियाकडच्या फिटरची. तिची आई तर शाळेत येऊन उभीच राहिली.

"गुरुजी, माही पोरगी घरी येऊन चिखलाच्या गोष्टी सांगून राहिली. आमी चिखल सोडून आलो ना जी इकडं! तिचा बाप दिवसभर लोखंडाशी झगडते, काहाले? पोट्ट्यायनं ऑफिसात बसाव म्हणून. ढोरंच वळायचे असते त गावी काय वाईट होतं?"

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मंदानं तुमाले सांगतलं का, तलावातलं पानी हप्त्यात किती उतरलं?"

"हो, सांगतलं ना. चार बोटं मने."

"आपल्या मनानं सांगतलं का पुस्तकात पाहून?"

"आता पुस्तकात कुठं असते ते!" मंदाची आई म्हणाली. जाता जाता मला म्हणाली, "मास्तर खराब नाही वाटत वं बाई. पन नजर ठेवजा."

नजर ठेवायचं काम लवकरच माझ्याकडे रीतसर आलं. हेडमास्तरांनी मला बोलावून दार लोटून घेतलं. "कुसुम बहनजी, आप भी मराठी, वो भी मराठी। शनिवार को साथ जाइए, लड़कियों के लिए लेडी टीचर चाहिए ही। देखिए, ये आदमी करता क्या है। मुझे लिखकर दीजिए।" मी कायम व्हायची होते, गुरुजी तर होतेच टेम्पररी. हेडमास्तरांचा शब्द मोडणं मला परवडणारं नव्हतं. पण खरं सांगू? परवडलं असतं तरी मी गेलेच असते. मला तेच हवं होतं.

मी पाच-सहा शनिवार गेले. गुरुजी पाण्यात काठी उभी करायचे, पोरं खाचा मोजायची, गुरुजी वहीत लिहायचे. सुतळीनं झाडाचा घेर मोजायचे, गाठी मोजायचे, लिहायचे. काहीही विचारलं की म्हणायचे, "थांब, त्यालेच विचारू," आणि पोरांना त्या बेडकापाशी नाहीतर पिंपळाच्या रोपट्यापाशी बसवायचे. मी मागे पदर सावरत उभी. सगळं सरळ दिसत होतं आणि त्यामुळेच मला ते वाकडं वाटत होतं.

एकदा वाटेत कारखान्याच्या गार्डानं अडवलं. त्या दिवसांत रशियन तज्ज्ञ आलेले, बाहेरच्या माणसानं कुठं काय लिहून घेतलं की गार्ड सावध व्हायचे. त्यानं वही मागितली, उघडली. आत तलावाची नागमोडी रेघ, त्यावर आकडे, बाण, खुणा.

"ये तो नक्शा है!"

दुसरा कुणी असता तर घामाघूम झाला असता. गुरुजींचा चेहरा असा फुलला की विचारू नका. इतक्या महिन्यांत मोठ्या माणसानं आपणहून विचारलं म्हणून! त्यांनी गार्डाला हाताला धरून पाळीवर नेलं, बूट काढायला लावले, काठी हातात दिली. पाणी गेल्या शनिवारी कुठं होतं, आज कुठं आहे, किती उन्हानं गेलं आणि किती मुरलं, हे तासभर समजावलं. गार्ड बलियाकडचा होता. शेवटी हात जोडून म्हणाला, "ले जाइए गुरुजी, हमरा ड्यूटी खतम हो गया।"

सगळी पोरं हसत परत आली. मी मात्र घरी जाऊन चिठ्ठी लिहिली, 'नक्शे जैसा कुछ बनाते हैं। गार्ड को बातों में उलझाया।' दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या तशा लिहिल्या की काय वाचलं जातं हे मला चांगलं कळत होतं.

मग आली चुन्याची गोष्ट.

गुरुजींनी पाळीवरची अठरा झाडं निवडली. दोन-दोन तीन-तीन पोरांना एक झाड. वर्षभर त्या झाडाकडे पाहायचं, कधी पान गळलं, कधी मोहोर आला, कोणता पक्षी बसला, सगळं आपल्या वहीत लिहायचं. मंदाला आणि तिच्या मैत्रिणीला वस्तीकडचा मोह मिळाला, सात नंबर. झाड ओळखता यावं म्हणून गुरुजींनी शाळेच्या रंगकामातला उरलेला चुना डबाभर आणला आणि प्रत्येक खोडावर पांढरा पट्टा मारून त्यावर आकडा काढला. एक ते अठरा. पोरं नाचत होती. वस्तीतल्या दोन बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या आकड्यांकडे पाहत होत्या.

मंगळवारी सकाळी सुकवारो दूध घालायला आली. ती त्याच वस्तीतली राऊताइन, म्हणजे गवळीण, आमच्याकडे रोज यायची. माप ओतता ओतता म्हणाली, "बाई, गुरुजी ह रुख मन मा चूना काबर लगाय हे? नंबर घलो लिखे हे। सरकार लेही का?"

तिनं विचारलं ते साधं होतं. झाडांना चुना कावून लावला, सरकार नेणार का? आजूबाजूची कितीतरी गावं कारखान्यात गेली होती आणि प्रत्येक ठिकाणी आधी असाच चुना आला होता. दगडाला चुना, घराच्या कोपऱ्याला चुना, झाडाला नंबर. एकदा नंबर पडला की झाड सरकारचं, मग त्याची फांदीसुद्धा मालकाला तोडता यायची नाही. वस्तीच्या लोकांनी हे पाहिलेलं होतं. मी शिकवणारी बाई, मला सांगायला काय लागत होतं? पोरांचा खेळ आहे म्हणायचं, संपलं.

पण माझी घाई होती आणि गुरुजींवर माझा राग साचलेला होता. मी म्हटलं, "मले काय माहीत? सरकारी कामच असन. त्याईलेच विचार."

सुकवारो दुधाचं माप तसंच हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग निघून गेली.

बुधवारी ती आली नाही, तिचा दीर दूध घालून गेला. गुरुवारी आली तेव्हा तिच्या हाताला फोड आलेले. लाकूड तोडतोय म्हणाली. पाळीवरची झाडं सरकारनं न्यायच्या आधी लोक आपल्या घरात लाकूड आणत होते. मोहसुद्धा? मी विचारलं. मोहाच्या फुलावर तिकडं माणसं चार महिने काढतात, उपाशी मेले तरी मोहाला कुऱ्हाड लावत नाहीत. ती म्हणाली, हो, मोहसुद्धा. आणि तोंडाला पदर लावला.

त्याच वेळी, त्याच पावली मी गुरुजींकडे जायला हवं होतं. त्यांची खोली आमच्यापासून चार लायनी पलीकडे. शुक्रवारी तर ते तट्टीच्या पलीकडे दिवसभर होते, मला त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी गेले नाही. मला काय वाटलं ते आज सांगते, लाज सोडून सांगते. मला वाटलं, शनिवारी कळेल. हा माणूस खरोखर सरकारचा असेल, ह्याला जमिनीची खबर देऊन काही मिळत असेल, तर तोडलेली झाडं पाहून ह्याच्या तोंडावर काहीतरी दिसेलच. आपण नेमकं तेव्हा पाहायचं.

म्हणून मी चाळीस लेकरांना घेऊन मैलभर चालत गेले. मुकाट्यानं.

पाळीवर सात बुंधे होते. ताजे, पिवळट, त्यांच्याभोवती ढलप्या पडलेल्या. लाकूड सगळं गेलं होतं. मोहाची पानं तेवढी पाण्यावर तरंगत होती. पोरं पुढे धावली होती ती मध्येच थांबली. मी पोरांकडे पाहिलं नाही की झाडांकडे पाहिलं नाही. मी गुरुजींच्या तोंडाकडे पाहत होते.

त्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. म्हणजे लबाडी दिसली नाही. त्यांनी एकदा झाडं मोजली, उरलेल्या पट्ट्यांवरचे आकडे वाचले आणि मग हळूच खाली बसले. वस्तीकडून एक म्हातारा काठी टेकत आला, त्यानं विचारलं की आता बाकीचीही कधी नेणार. तेव्हा गुरुजींना सगळं कळलं. ते म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, सरकार नहीं है। ये बच्चों का है, पढ़ाई का है।" म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. तो पोरांच्या वह्या उघडून पाहू लागला. त्याला वाचता येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. एका वहीत मोहावरच्या पोपटाच्या ढोलीचं चित्र होतं. ते पाहिलं आणि म्हातारा मटकन खाली बसला.

मंदा सात नंबरच्या बुंध्यापाशी उभी होती. ती रडली नाही. "गुरुजी," ती म्हणाली, "चुना नसता लावला तर?"

"तर राह्यलं असतं," गुरुजी म्हणाले. "माही चूक झाली, मंदा."

मोठा माणूस लेकरापुढे असं म्हणताना मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी सगळ्यांना वह्या काढायला लावल्या आणि आजची नोंद करायला सांगितली. ज्यांचं झाड नव्हतं त्यांनी लिहायचं, 'पेड़ नहीं है।' पोरांनी लिहिलं. मंदानं वही मिटून घेतली आणि लिहिणार नाही म्हणाली. गुरुजींनी तिला आग्रह केला नाही. परत येताना ते सगळ्यांच्या मागे चालत होते आणि मी त्यांच्याही मागे.

पुढच्या बुधवारी वस्तीतले पाच जण शाळेत आले. कोणाच्या हुकमानं चुना लावला, ते विचारायला. बोंब वरपर्यंत गेली आणि दोन दिवसांनी एक साहेब चौकशीला आले. टेबलापलीकडे साहेब आणि हेडमास्तर, अलीकडे गुरुजी उभे, मी कोपऱ्यात खुर्चीवर. साहेबापुढे माझ्या चिठ्ठ्या होत्या. वरच्याच चिठ्ठीवर 'नक्शे' हा शब्द मला उलटा वाचता येत होता.

"चूना आपने लगाया?"

"हो साहेब. मैंने लगाया."

"और गाँव में कहा कि सरकारी काम है?"

"नहीं कहा."

साहेब माझ्याकडे वळले. "बहनजी, आप हर शनिवार साथ थीं। इन्होंने कहा था?"

"मैंने नहीं सुना," मी म्हटलं.

"तो फिर किसने कहा? गाँववाले अपने मन से तो पेड़ काटेंगे नहीं।"

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. रागानं नाही हो. बेडकापाशी पोरांना बसवून जसे पाहायचे तसे. माझं नाव त्याच महिन्यात कायम होणाऱ्यांच्या यादीत होतं. मोठं क्वार्टर त्यावर अवलंबून, ह्यांच्या म्हाताऱ्या आईला इकडे आणायचं त्यावर अवलंबून.

"पता नहीं, साहब," मी म्हटलं.

गुरुजींना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. शनिवारचं बाहेर जाणं बंद झालं, तसा कागद भिंतीवर लागला. मी कायम झाले. ह्यांनी पेढे आणले. मला एकही गिळवला नाही.

ज्या दिवशी ते जाणार होते त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ट्रंक जामुलकडच्या ट्रकवर आधीच गेली, गुरुजी तलावावर गेले आहेत. मी तशीच चालत निघाले. एवढं अंतर मी पहिल्यांदाच एकटी चालले होते.

ते पाळीवर होते. शेजारी पाण्याची बादली आणि हातात नारळाच्या शेंडीचा चोथा. उरलेल्या अकरा झाडांवरचा चुना ते घासून काढत होते. दहाएक झाडं स्वच्छ झाली होती, खोडं ओली काळी दिसत होती. मी धापा टाकत जाऊन उभी राहिले आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. सुकवारोला सरकारी काम म्हणून मीच सांगितलं. गुरुवारी मला कळलं होतं. चिठ्ठ्या मी लिहिल्या. बोलता बोलता मला रडू आलं आणि माझाच मला राग आला.

त्यांनी हात थांबवला नाही. "सुकवारोनं सांगतलं मले," ते म्हणाले. "चौकशीच्या आधीच."

"मग साहेबापुढं बोलले कावून नाही तुम्ही?"

"मी वाट पाहून राह्यलो होतो. तुमी बोलसान म्हनून." त्यांनी चोथा पिळला. "तुमी त्या शनवारी माह्यं तोंड पाहून राह्यल्या होत्या. मले दिसलं होतं. मंग मीबी साहेबापुढं तुमचं पाह्यलं."

मी खाली मातीवर बसले. मग तेच बोलले, पण मला नाही, झाडाकडे पाहून बोलल्यासारखे.

"तुमी एकट्याच नाही ना, कुसुमबाई. नंबर मी काहाले टाकले, ठाऊक आहे? पोट्टे आपलं झाड नाही पाहनार, कोन्याबी झाडाचं पान उचलून आपलंच म्हनून सांगतीन, असं मले वाटलं. भरोसा नव्हता माहा. काल संध्याकाळी पाच-सहा पोट्टे आले होते इथं, घरून लपून. मी नंबर पुसून राह्यलो होतो. त्यायनं नंबर नाही पाह्यला, काही नाही. नीट आपापल्या झाडापाशी जाऊन उभे राह्यले. ते मंदा त्या खुटापाशी जाऊन उभी राह्यली."

मी म्हटलं, "गुरुजी, मले माफ करा."

त्यांनी माफ केलं असं मी आजवर कधी स्वतःला सांगितलेलं नाही. त्यांनी बादलीत हात धुतले, चोथा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "ते टोकाची जांभूळ राह्यली. चौदा नंबर. माह्या ट्रकची वेळ झाली."

मी चोथा घेतला. चुना वाळून सालीच्या भेगांत बसला होता, तो निघता निघेना. मी पाणी मारत होते, घासत होते, बोटं चुरचुरत होती. आधी चार निघाला. एक निघायला फार वेळ लागला. मान वर केली तेव्हा गुरुजी पाळीच्या पार त्या टोकाला पोचले होते, पाठ माझ्याकडे, पाठीवरचा सदरा घामानं भिजलेला. मी जोरात हाक मारली, "गुरुजी, निघाला!"

एवढ्या लांबून ऐकू गेलं असेल. ते थांबले नाहीत.